डोंगर पेटलाय, नळ कुठंय?

मार्चातली रात्र. डोंगराच्या कमरेला लाल करगोटा बांधल्यासारखी आग. खालून हायवेनं जाणाऱ्याला वाटावं, काय झकास दिसतंय. दोघातिघांनी गाड्या थांबवून फोटोही काढले. वर वस्तीत आम्ही म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे गोणपाट भिजवायला पाणी हुडकत होतो. पाणी येतं पहाटे साडेपाचला, तेही खालच्या नळाला, तेही दाब असला तर. रात्री अकराला पिंपात किती असणार? सकाळच्या चहापुरतं, पोरांच्या तोंड धुण्यापुरतं. तेच ओतलं.

बंब आला. म्हणजे डांबर संपतं तिथपर्यंत आला. पुढं अडीच फुटाची गल्ली आणि दीडदोनशे पायऱ्या. बंबावरची पोरं आपल्यासारखीच, पाइप खांद्यावर टाकून धावत सुटली, पायऱ्या अर्ध्यावर आल्या आणि पाइप संपला. त्यांना मी बोल लावणार नाही. आग विझवली ती बायांनी. ओल्या फांद्यांनी झोडपून, पायानं माती लोटून, शिव्या देत. पहाटे तीनला काळं तोंड घेऊन सगळे खाली बसले. एका घराच्या मागच्या भिंतीचा पत्रा वाकला होता, दोन शेळ्या होरपळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बातमी आली चार ओळींची, वनसंपदेच्या नुकसानीची. शेळ्या त्यात नव्हत्या. आपण तर नव्हतोच.

वस्तीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आग विझवायला कुणी येणार नाही, घरं मोजायला येतील.

दोस्तांनो, ७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसचे डोंगर पेटले तेव्हा घोडबंदर रोडच्या टॉवरपासून डोंबिवलीच्या ब्लॉकपर्यंत सगळा मध्यमवर्ग हळहळला. समुद्राकाठचे, डोंगरउतारावरचे सिनेमावाल्यांचे बंगले जळताना टीव्हीवर बघून आपल्याकडच्या माणसांच्या घशाखाली घास उतरेना. हळहळायला माझी ना नाही, घर कुणाचंही जळो, वाईटच. पण बातमी पुरी वाचायची असते. समुद्राकडच्या पॅलिसेड्समध्ये पैसेवाल्यांनी भाड्यानं खाजगी बंब आणले. आणि डोंगराच्या पायथ्याला अल्टाडेना नावाचं गाव आहे, त्याच्या पश्चिम भागात काळ्यांची घरं. का तिथंच? तर गोऱ्यांच्या वस्त्यांत त्यांना घर घेऊ देत नव्हते, बँका कर्ज देत नव्हत्या, तेव्हा ज्या मोजक्या जागी घर मिळालं त्यातली ही एक. संध्याकाळी साडेसहाच्या आत आग लागली. पूर्व भागाला घर सोडायचा हुकूम वेळेत गेला. पश्चिम भागाला तो गेला पहाटे तीननंतर. अल्टाडेनाच्या आगीत जी माणसं मेली ती जवळजवळ सगळी पश्चिमेकडची. आणि विझवायला कोण होतं? पगारी जवानांच्या बरोबरीनं हजारावर कैदी, दिवसाला सहा ते दहा डॉलर मजुरीवर.

ज्या कॅलिफोर्नियात १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली, जिच्यावरनं १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव उचललं, त्याच कॅलिफोर्नियाची ही गोष्ट. नाव उगाच नव्हतं उचललं.

तिथला कायदा म्हणतो, डोंगराजवळच्या घरमालकानं घराभोवती शंभर फुटापर्यंत वाळलेलं गवत-झुडूप साफ ठेवावं. आता म्हणतात, भिंतीला लागून पाच फूट तर पेटणारं काहीच नको. कारण घर जळतं ते बहुतेक वेळा ज्वाळेनं नाही, उडून आलेल्या ठिणगीनं. शास्त्र बरोबर आहे, मी मानतो. पण ते आमच्या वस्तीत लावून बघा. पाच फूट? पाच फुटात आमच्यात माणूस लग्न करून संसार मांडतो. दोन घरांच्या मधे भिंत एकच. पत्र्यावर गळती थांबवायला ताडपत्री, ताडपत्री उडू नये म्हणून जुने टायर. दाराशी सिलेंडर. ठिणगीला आणखी काय पाहिजे?

आणि शंभर फूट? मागच्या घराच्या मागं शंभर फूट म्हणजे फॉरेस्टची हद्द. जिथं राखीव वन आहे तिथलं गवतसुद्धा कायद्यानं 'वनोपज'. भारतीय वन कायदा, १९२७, कलम २६ : परवानगीशिवाय वनोपज न्याल तर गुन्हा. म्हणजे जे गवत उद्या माझं घर जाळणार आहे ते मी आज कापून आणलं तर चोर मी. गवतानं मला जाळलं तर ते नैसर्गिक.

त्याच कायद्यात आणखी गंमत आहे. जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा, कसलाही हक्क असलेल्या माणसानं वणवा दिसला की तो विझवायलाच पाहिजे, कलम ७९. सक्ती आहे. मजुरी नाही, बूट नाहीत, पाणी नाही. आणि मुद्दाम किंवा बेफिकिरीनं आग लागली असं सरकारला वाटलं तर त्या जंगलातले चराईचे नि वनोपजाचे हक्कच काही काळ बंद करता येतात. आग एकानं लावली, उपास सगळ्या पाड्यानं करायचा. महारवाड्यातल्या एकानं आगळीक केली म्हणून सगळा महारवाडा वाळीत टाकणारी गावकी आठवते का? तोच न्याय, फक्त इंग्रजीत छापलेला.

आता मुद्द्यावर येतो. वणवा लावतं कोण?

आपल्या डोंगरात आग आपोआप लागत नाही, जवळजवळ नाहीच. फेब्रुवारीपासून साग पान गाळतो, गवत कडकडीत वाळतं, मे अखेरपर्यंत सगळा डोंगर काडेपेटीसारखा असतो. पण काडी ओढणारा हात माणसाचाच. हा हात कुणाचा म्हणून विचारलं की साहेबलोकांचं बोट पहिलं जातं आदिवासीकडे. हे आजचं नाही. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्या-कुणब्यांची ती शेतीच. इंग्रजांच्या जंगलखात्यानं त्या राबावर एवढा जाच केला की ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी १८८५ साली सरकारला कमिशन नेमावं लागलं. राब भाजणारा माणूस आग आपल्या बांधात ठेवतो. त्याचं पोट त्याच जंगलावर आहे, तो ते कशाला जाळील?

येऊरला जाऊन बघा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोनाचा पाडा इथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला दिव्यासाठी, रस्त्यासाठी फॉरेस्टचे उंबरे झिजवायला लागतात. आणि त्याच जंगलात बंगले उठले, हॉटेलं उठली, खेळायची टर्फं उठली, शनिवारी रात्री गाड्यांची रांग. बाटली फुटते, बार्बेक्यूचा कोळसा तसाच राहतो, सिगारेटचं थोटूक गवतात जातं. जळालेल्या उतारावर पुढं कुंपण कसं येतं, कुंपणामागनं प्लॉटचा बोर्ड कसा येतो, हेही गावातली माणसं बोलतात. पुरावा माझ्या खिशात नाही, म्हणून नाव घेत नाही. पण कुठला डोंगर कुठल्या साली जळाला आणि तिथं पुढं काय उभं राहिलं याचा नकाशा काढायला कुणी अडवलंय? आपल्यातली कॉलेजात जाणारी पोरं मोबाइलवर दिवसाचे चार तास घालवतात. एवढं काम करा.

आणि आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. घंटागाडी वस्तीत चढत नाही, कचरा मागच्या नाल्यात जातो, नाला भरला की कुणीतरी संध्याकाळी काडी लावतं. मच्छर पळतात म्हणून. हे आपणच करतो, माझ्या घरातही झालंय. आता ऐका, ही संध्याकाळचीच वेळ का वाईट. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो. कळवा-मुंब्रा डोळ्यांपुढं आणा : पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मधे उतारावर माणसं. वारा खालनं वर ढकलतो. आगीचा स्वभावही चढायचाच. खालची ज्वाळा वरच्या गवताला आधीच शेकून वाळवून ठेवते, म्हणून चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. खालच्या गल्लीत लावलेली काडी खालच्याला लागत नाही, ती सगळ्यात वरच्या घराला लागते.

आणि सगळ्यात वरचं घर कुणाचं? धर्मानं माणसांची उतरंड रचली, तिच्यात वर बामण, तळाला आपण. डोंगरावर बरोबर उलटं. खाली रस्त्याजवळ जुने, जरा बरे, दुकान टाकलेले. जितकं वर जाल तितका माणूस नवा, कंगाल, कागद नसलेला. पारसिकला तेच, कल्याणला नेतिवलीच्या टेकडीवर तेच, कचोऱ्याच्या टेकडीवर तेच. सगळ्यात वर एखादी परित्यक्ता, एखादा नाका कामगार, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्याचा तिसऱ्या पिढीतला पोरगा, ज्याला खाली खोलीचं डिपॉझिट झेपलं नाही. म्हणजे आपल्यातल्या आपल्यातही काडी लावणारा खाली आणि जळणारा वर. हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत असेल तर लाज वाटू द्या.

वरच्या माणसाला कायदा कुठं धरतो बघा. २००६ चा वनहक्क कायदा आला, आदिवासींना त्यात जागा आहे आणि ती हक्काची आहे. बाकीच्यांना तीन पिढ्या, पंचाहत्तर वर्षं त्याच जंगलावर जगल्याचा पुरावा द्यायचा. बहात्तरच्या दुष्काळात आलेला कुठनं देणार? झोपडपट्टी पुनर्वसनाकडे गेलो तर ते म्हणतात ही फॉरेस्टची जमीन. फॉरेस्टकडे गेलो तर ते म्हणतात तू झोपडपट्टी. मग आहोत तरी कोण आपण? मतदारयादीत माणूस, नकाशात अतिक्रमण.

'डोंगर वाचवा' ही घोषणा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळं. डोंगर वाचायलाच पाहिजे. तो सरकला तर पहिला माझ्यावर येणार आहे. पण या ठाणे-मुंबईच्या पट्ट्यात डोंगर वाचवणं म्हणजे आम्हाला उचलणं, असाच अर्थ होत आलाय. १९९५ साली पर्यावरणवाद्यांनी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांविरुद्ध हायकोर्टात दाद मागितली, १९९७ साली झोपड्या हटवायचा हुकूम झाला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असेल त्यालाच पर्यायी जागा, तीही सात हजार रुपये भरून. आणि जागा कुठली दाखवली? आपल्या कल्याणजवळचं शिरढोण. कांदिवली-मालाडला धुणीभांडी करणाऱ्या बाईनं शिरढोणला राहायचं आणि पहाटेची लोकल धरून भांड्याला यायचं! नंतर चांदिवलीचं ठरलं, काहींना घरं मिळालीही, पण कित्येक अजून त्याच जंगलाच्या कडेला आहेत. त्यांच्याच पट्ट्यात ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवलीचं दामूनगर जळालं. १३ मार्च २०२३ ला मालाडचा अप्पापाडा जळाला, हजाराच्या आसपास झोपड्या, सिलेंडर एकामागून एक फुटले, एक पोरगं गेलं. त्या आगी जंगलातनं आल्या नव्हत्या, वस्तीतच लागल्या. पण बंब अडला तो आमच्या वस्तीत अडला तसाच, गल्लीच्या तोंडाशी. गल्ली रुंद का नाही? कारण रस्ता दिला तर वस्ती कायम होईल. नळ का नाही? नळ दिला तर वस्ती कायम होईल. म्हणजे वस्ती तात्पुरती राहावी म्हणून ती पेटण्याजोगी ठेवायची, हे धोरण आहे, निष्काळजीपणा नाही. निष्काळजीपणा एवढा नेमका नसतो.

पाण्याचंच घ्या. मुंबईच्या वस्त्यांसाठी भांडणाऱ्या पाणी हक्क समितीच्या अर्जावर १५ डिसेंबर २०१४ ला हायकोर्टानं सांगितलं, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून माणसाचं पाणी तोडता येत नाही. कोर्टाचं हे वाक्य ठाण्याला लागू नाही असं म्हणायची छाती आहे कुणाची? पण डोंगरावरच्या वस्तीला पाइप टाकायचा म्हटलं की 'ना हरकत' लागते, आणि हरकत कायम असते. वर्षाचे दहा महिने ही तहान असते, मार्चात तिचीच आग होते.

एकदा कॅलेंडर काढून बघा. २० मार्च १९२७. महाड, चवदार तळं. कोकणातलाच मार्च, आसपासच्या डोंगरांचं गवत तेव्हाही असंच वाळलेलं असणार. बाबासाहेबांनी ओंजळ भरली. त्याच १९२७ च्या सप्टेंबरात सायबानं वन कायदा केला, ज्याची कलमं मी वर सांगितली, तो थोड्या ठिगळांसकट अजून चालू आहे. आणि २५ डिसेंबरला पुन्हा महाडलाच मनुस्मृती जाळली. पाणी, जंगल, आग, तिन्ही एका सालात. पाण्याला आपण हात घातला, आगीलाही घातला. जंगलाचा कायदा मात्र आपण कधी आपला प्रश्न मानला नाही, तो आदिवासींचा म्हणून सोडून दिला. आज त्याच कायद्याच्या हद्दीवर आपली निम्मी जनता राहते आणि येऊरच्या वारल्याचं आणि पारसिकच्या बौद्धाचं एकमेकांशी बोलणंही नाही. तो म्हणतो तुम्ही जंगल खाल्लंत. आपण म्हणतो तुम्हाला कायदा तरी आहे. मधल्यामध्ये बंगलेवाला हसतो.

वणव्याची गोष्ट मेमध्ये संपते असं समजू नका. जळालेल्या उताराला गवताचा पदर राहत नाही, माती उघडी पडते, पहिल्या पावसात ती नाल्यात येते. १९ जुलै २०२१ ला कळव्याच्या घोलाईनगरात दरड घरावर आली, पाच माणसं गेली. ती दरड वणव्यानं आणली असं मी म्हणत नाही. डोंगर खोदलेला, पाऊस तुफान. पण ज्या उतारावर गवत टिकत नाही तिथं पावसाळ्यात झोप लागत नाही, हे वर राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. मार्चात रात्रभर आगीकडे बघायचं, जुलैत रात्रभर मातीकडे.

मग करायचं काय? मोर्चा काढायचाच. पण मोर्चा निघेपर्यंत गवत थांबत नाही. फॉरेस्टवाले जंगलात जाळरेषा काढतात, गवत कापून, जाळून पट्टा मोकळा ठेवतात म्हणजे आग ओलांडत नाही. तोच पट्टा वस्तीच्या माथ्यावर का नाही? कलम २६ मध्येच सोय आहे, अधिकाऱ्याची लेखी परवानगी असली तर गुन्हा नाही. मग डिसेंबरातच सगळ्या वस्त्यांनी लेखी अर्ज टाकायचे : माथ्यावरचं गवत आम्ही कापतो, परवानगी द्या, आणि दिवसाची मजुरीही द्या. वणव्याच्या मोसमात राखणदार म्हणून वस्तीतली आणि पाड्यातली पोरं घ्या, फुकट नाही, पगारावर. नाही म्हणाले तर तेही लेखी मागायचं. उद्या घर जळालं तर तो कागद कोर्टात बोलेल. माथ्यावर पाण्याची टाकी मागायची, प्यायला आणि विझवायला तीच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीचा मेसेज मोबाइलवर पाठवते, कुणालाही नाव नोंदवता येतं. नोंदवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. उपग्रहाची नजर पावणेचारशे मीटरच्या चौकटीची, तीही दिवसात मोजक्या वेळा. तुमच्या मोरीमागचं गवत त्याला दिसत नाही, शेजारच्या म्हातारीला दिसतं.

एक कडवट गोष्ट सांगून थांबतो. १४ एप्रिल वणव्याच्या ऐन मोसमात येतो. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत वर्गणी जमली ती डीजेवर, कमानीवर आणि नगरसेवकाचं थोबाड छापलेल्या बॅनरवर गेली. मीही नाचलो. त्या पैशात शंभर मीटर पाइप, दोन टाक्या आणि वीस गोणपाटं आली असती. यंदा बैठकीत मी हे बोललो तर दोघं उठून गेले, एकानं मला नास्तिक म्हटलं, म्हाताऱ्या बाया मात्र बसून राहिल्या. वर्गणीतला निम्मा पैसा पाइपाला काढायचा असं शेवटी ठरलं. टाकी कुणाच्या पत्र्यावर ठेवायची यावर अजून भांडण चालू आहे, कारण भरलेल्या टाकीचं वजन पेलेल असा पत्रा वरच्या गल्लीत एकाचाही नाही.